पाच किलोमीटरच्या पलीकडे

वर्षातून एकदा, गावाने आपसांत ठरवलेल्या दिवशी, आफ्रिकेतल्या नदीकाठच्या हजारो गावांत माणसे एका काठीला पाठ लावून उभी राहत आली आहेत. काठीवर खुणा असतात. ९० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत न पोहोचलेल्या मुलाला गोळी मिळत नाही. त्याहून उंच असेल त्याला एक, मग दोन, मग तीन, आणि १५८ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्याला चार. वजनकाटा लागत नाही, डॉक्टर लागत नाही, आकडेमोड करावी लागत नाही. गोळ्या आयव्हरमेक्टिनच्या आणि आजार ऑन्कोसर्कायसिस. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणारी एक काळी माशी चावते, तिच्यावाटे कृमी अंगात शिरतात, वर्षानुवर्षे कातडीला असह्य खाज सुटते आणि अखेरीस दृष्टी जाते. या भीतीपोटी पश्चिम आफ्रिकेत लोकांनी एके काळी नदीकाठची सुपीक जमीन ओस टाकली होती.

मर्क कंपनीने हे औषध लागेल तितके आणि लागेल तितकी वर्षे फुकट देण्याचे १९८७ मध्ये जाहीर केले. औषधाचा प्रश्न मिटला, वाटपाचा उरला. सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाड्यांतून पथके निघत. पेट्रोल महाग, पावसात रस्ते बंद, आणि पथक पोहोचते तेव्हा निम्मे गाव शेतावर. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकी ऑन्कोसर्कायसिस नियंत्रण कार्यक्रमाने ही रीत उलटी केली. गोळ्या कधी वाटायच्या, घरोघरी जाऊन की सगळ्यांना एकत्र बोलावून, आणि वाटणारा कोण, हे तिन्ही निर्णय गावावर सोपवले. गावाने निवडलेल्या माणसाला शिकवायचे ते मोजकेच: काठी कशी धरायची, गरोदर बाईला, नुकत्याच बाळंत झालेलीला आणि फार आजारी माणसाला गोळी का द्यायची नाही, वहीत नोंद कशी करायची, गोळीनंतर खाज किंवा सूज आली तर धीर कसा द्यायचा आणि कोणाला दवाखान्यात पाठवायचे. अनेक देशांत ताडून पाहिले तेव्हा, गावाने आखलेले वाटप बाहेरून आखून दिलेल्या वाटपापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचल्याचे दिसले.

ग्रामीण आफ्रिकेतल्या लोकआरोग्य प्रशिक्षणाचा विस्तीर्ण पसारा या उदाहरणापासून समजून घ्यायला सुरुवात करता येते. फारसे न शिकलेल्या गावकऱ्याला आरोग्याचे काम शिकवता येते का, हा वाद आता जुना झाला. येते, याचे पुरावे ढिगाने आहेत. साठेक वर्षांच्या अनुभवातून पुन्हा पुन्हा वर येतात ते दोन वेगळेच प्रश्न. शिकवण्याआधी माणूस निवडला कोणी? आणि शिकवून झाल्यावर त्याच्या पाठीशी उभे कोण राहिले? कार्यक्रम तगले किंवा बसले ते बहुतेक या दोन टोकांवर. मधल्या, वर्गात घालवलेल्या आठवड्याची चर्चा सर्वांत जास्त होते, आणि निकाल मात्र त्याच्या आधी आणि नंतर लागतो.

गरज किती मोठी होती, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालातल्या दोन आकड्यांवरून कळते. जगातल्या एकूण रोगभारापैकी २४ टक्के भार तिच्या आफ्रिका विभागावर होता आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के तिथे होते. त्यातलेही डॉक्टर राजधानीत आणि मोठ्या शहरांत. साहेलच्या पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या प्रदेशात, संकटे एकाच वेळी येतात. पावसाळ्यात डास वाढतात आणि हिवताप उसळतो. त्याच महिन्यांत मागच्या सुगीचे धान्य संपत आलेले असते, म्हणून मुले आधीच अशक्त असतात. आणि त्याच महिन्यांत दवाखान्याचा रस्ता चिखलात बुडालेला असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना मारणारे तीन मोठे आजार, हिवताप, न्यूमोनिया आणि जुलाब, या तिन्हींवर स्वस्त औषधे आहेत. पण हिवताप बळावला तर मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. म्हणून औषध आहे की नाही याइतकेच ते किती अंतरावर आहे हे महत्त्वाचे. लायबेरियाने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी रेषा आखली ती आरोग्य केंद्रापासून पाच किलोमीटरवर: त्यापलीकडे जो राहतो, त्याच्या गावात शिकवलेला माणूस असायला हवा.

या कामाची मुळे एका ठिकाणी सापडत नाहीत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड मॉर्ले हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ पश्चिम नायजेरियातल्या इमेसी-इले या गावात मुलांच्या वाढीचा जन्मापासून मागोवा घेत होते. आजारी मूल दवाखान्यात येण्याची वाट बघण्यापेक्षा निरोगी मुलाचे वजन दर महिन्याला कागदावर टिपावे, रेघ खाली वळू लागली की सावध व्हावे, हा विचार त्या गावात पक्का झाला. वाढीचे ते कार्ड दवाखान्याच्या कपाटात न राहता आईच्या घरी राहायचे आणि तपासणीचे बरेचसे काम परिचारिका करायच्या. महाराष्ट्रातल्या अंगणवाडीत दिसणारा वाढीचा तक्ता याच कुळातला आहे. पुढे मॉर्ले यांनी १९६५ मध्ये कमी खर्चाची शैक्षणिक साधने पुरवणारी संस्था काढली. मीठ आणि साखर मोजण्यासाठी दोन्ही टोकांना खोलगट असलेला प्लास्टिकचा एक चमचा त्या संस्थेने जगभर पोहोचवला.

कंपालाच्या मेकेरेरे विद्यापीठातल्या परिसंवादातून मॉरिस किंग यांनी संपादित केलेला विकसनशील देशांतील वैद्यकीय सेवेवरचा ग्रंथ १९६६ मध्ये आला. डॉक्टर मूठभर असतील तर त्यांनी प्रत्येक रोगी स्वतः तपासण्यात अर्थ नाही, जे काम कमी शिकलेला माणूस नीट करू शकतो ते त्याच्याकडे द्यावे आणि डॉक्टरने शिकवावे, देखरेख करावी, असा त्याचा रोख होता. पूर्व आफ्रिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावर या ग्रंथाची छाप राहिली. पश्चिम केनियातल्या काकामेगा भागात १९७० च्या दशकात डॉ. मिरियम वेरे यांनी आणखी एक पाऊल टाकले. गावातल्या अडचणी गावकऱ्यांनीच मांडायच्या, त्यांतल्या कोणत्या आधी हातात घ्यायच्या ते त्यांनीच ठरवायचे आणि काम करणारी माणसेही त्यांनीच निवडायची. संडास बांधणे, पाण्याचे झरे राखणे, मुलांना लसी टोचून घेणे ही कामे अशा बैठकांतून निघाली. वेरे यांना २००८ मध्ये जपानचा पहिला हिदेयो नोगुची आफ्रिका पुरस्कार मिळाला.

या इतिहासात महाराष्ट्र दोन ठिकाणी थेट येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी उभारलेल्या आरोग्यसेवांवरचे एक पुस्तक काढले. त्यात टांझानियातल्या प्रयोगावर प्रकरण होते, नायजरमधल्या मारादी विभागावर होते, आणि नगर जिल्ह्यातल्या जामखेडवरही होते. मारादीत गावातून निवडलेल्या तरुणांना आणि सुइणींना थोड्या दिवसांचे शिक्षण देऊन औषधाची छोटी पेटी सोपवली जात होती. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले होते. गावाने पाठवलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित अशा बायका ठराविक दिवशी केंद्रावर येत, रात्री तिथेच मुक्काम करत, एकमेकींच्या गावात काय घडले ते सांगत, नवे काही शिकत आणि परत जात. हे शिकणे एकदा होऊन संपले नाही, वर्षानुवर्षे चालू राहिले. १९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आटा इथे जगातले देश प्राथमिक आरोग्य सेवेचा ठराव करायला जमले तेव्हा त्यामागे अशा पुस्तकांतून आणि गावांतून आलेला अनुभव होता. पुढे जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत आफ्रिकेतूनही कार्यकर्ते शिकायला येत राहिले.

आल्मा-आटानंतर देशोदेशी घाई झाली. स्वतंत्र होऊन तीनच वर्षे झालेल्या मोझांबिकने १९७८ मध्ये गावपातळीवरच्या बहुउद्देशीय कार्यकर्त्यांना सहा महिन्यांचे शिक्षण देऊन कामाला लावले. शिक्षण वाईट नव्हते. पण देशात यादवी पेटली, आरोग्य केंद्रे जाणूनबुजून लक्ष्य केली गेली, औषधांच्या पेट्या पोहोचेनात, देखरेख करणारा फिरकेना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम जवळपास थांबला आणि त्याला पुन्हा उभारी मिळायला २०१० उजाडले. युद्ध नसलेल्या देशांतही वेगळे घडले नाही. १९८० च्या दशकात कर्जाचा बोजा वाढला, सरकारी खर्चाला कात्री लागली आणि आरोग्य खात्यांनी गावच्या कार्यकर्त्यांकडून काम फुकट करून घेण्याचा मार्ग धरला. पेटीतली औषधे संपली की लोक येईनासे होतात. लोक येईनासे झाले की कार्यकर्ता शेतीकडे वळतो. शिकवणारे मात्र आकडे मोजत राहिले: अमुक इतके प्रशिक्षित झाले.

त्या काळात सुइणींवरही मोठी भिस्त ठेवली गेली. त्यांना हात धुणे, स्वच्छ पाते, नाळ बांधणे शिकवले गेले. पण रक्तस्राव किंवा अडलेले बाळंतपण सुईण एकटी सोडवू शकत नाही, आणि न्यायला गाडी नसेल तर धोका ओळखूनही उपयोग नसतो. मातामृत्यू अपेक्षेइतके घटले नाहीत म्हणून पुढे अनेक देशांनी सुइणींकडे पाठ फिरवली. पण सुइणींना शिकवून उपयोग नाही, हा निष्कर्षही तेवढाच घाईचा होता. झांबियातल्या लुफवान्यामा जिल्ह्यात सुइणींना जन्मतः न रडणाऱ्या बाळाला मास्कने श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची शंका येताच प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊन पुढे पाठवणे शिकवले, तेव्हा त्यांच्या हातच्या बाळांमधले नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सुइणी तशाच होत्या. त्यांच्या आवाक्यातले नेमके काम निवडले गेले होते आणि त्यासाठीचे साधन हातात दिलेले होते.

नेमके काम कसे निवडावे याबाबत महाराष्ट्राचा दुसरा दुवा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे यंत्र बनवले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाचा अभ्यास १९९० मध्ये आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दुसऱ्या अभ्यासात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. घरभेटींची पद्धत पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत आजमावली गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००९ मध्ये नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली तेव्हा आधार म्हणून दाखवलेल्या अभ्यासांत गडचिरोली होती. मण्यांनी श्वास मोजणे दक्षिण सुदानसारख्या ठिकाणीही वापरात आले.

आज आफ्रिकेतल्या गावात आजारी मुलाची काळजी घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम साधारण सहा दिवसांचा असतो. वर्गातला वेळ कमी आणि सराव जास्त. आधी धोक्याची लक्षणे: झटके, दूध किंवा पाणी न पिणे, सगळे उलटून टाकणे, मूल जागे न होणे. यांपैकी एकही दिसले तर थांबायचे नाही, पहिली मात्रा देऊन मुलाला केंद्रावर पाठवायचे. मग श्वास. मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनिया समजायचा. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजणे फसवे असते, म्हणून आईच्या कुशीत मूल स्थिरावेपर्यंत थांबणे हासुद्धा शिकवण्याचा भाग. मग दंडाचा घेर मोजणारी तीन रंगांची पट्टी: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. जुलाबाला जलसंजीवनी आणि दहा दिवस झिंकची गोळी. तापाला बोटाच्या थेंबावर हिवतापाची चाचणी.

चाचणी सोपी दिसते, पण तिच्यात गोम आहे. थेंब किती, द्रावणाचे थेंब किती, किती मिनिटांनी रेघा वाचायच्या आणि चाचणी नीट झाल्याची खात्री देणारी रेघ उमटलीच नाही तर काय, हे सगळे चुकू शकते. झांबियात या बाबतीत एक छान तुलना झाली. फक्त पाकिटावरच्या सूचना वाचून चाचणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ५७ टक्के पायऱ्या बरोबर केल्या. चित्रांचा सोपा तक्ता दिलेल्यांनी ८० टक्के. तक्ता आणि तीन तासांचे शिक्षण मिळालेल्यांनी ९२ टक्के. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या आत केलेली नीट आखणी किती फरक पाडते, ते आकड्यांत दिसले. मात्र चाचणी बरोबर करून प्रश्न संपत नाही. रेघ एकच आली, म्हणजे हिवताप नाही, आणि आई तापलेले मूल घेऊन समोर बसलेली आहे. तिला औषध हवे आहे. अशा वेळी नाही म्हणणे, का नाही ते सांगणे आणि दोन दिवसांनी पुन्हा बघायला जाणे हे चाचणीपेक्षा अवघड काम आहे, आणि त्याचा सराव एकमेकींसमोर आईचे सोंग घेऊनच करावा लागतो.

शिकवण्याच्या पद्धतीवर लॅटिन अमेरिकेचा मोठा ठसा आहे. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांचा संवादातून शिक्षणाचा विचार केनियात आणला तो अ‍ॅन होप आणि सॅली टिमेल यांनी. त्यांची प्रशिक्षण-पुस्तिका झिंबाब्वेत ग्वेरूहून १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आफ्रिकेतल्या अनेक स्वयंसेवी संस्थांची ती हाताशी ठेवण्याची पोथी झाली. शिक्षकाने उत्तर देण्याआधी चित्र, नाट्य किंवा गोष्ट समोर ठेवायची, गटाला विचारायचे की हे कोणाच्या घरी घडते, का घडते, आणि आपण काय करू शकतो. ऐकायला हे सरळ वाटते. पण शिकवणारा राजधानीतून आलेला, पुस्तिका इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये, आणि शिकणारी घरी हौसा, चिचेवा किंवा ओरोमो बोलणारी असली की संवादाची जागा घोकंपट्टी घेते. चांगले कार्यक्रम ओळखता येतात ते स्थानिक भाषेत शिकवणारे प्रशिक्षक आधी तयार करण्यावरून.

निव्वळ शिक्षणाने काय होऊ शकते याचा सर्वांत भक्कम दाखला नारूचा आहे. या रोगावर लस नाही, कृमी मारणारे औषध नाही. १९८६ च्या सुमारास जगात दरवर्षी सुमारे ३५ लाख माणसांना नारू होत असे, त्यांतली फार मोठी संख्या आफ्रिकेत. माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या केंद्राने देशोदेशीच्या आरोग्य खात्यांसह गावागावांत स्वयंसेवक उभे केले. त्यांनी पाणी कापडातून गाळायला शिकवले, मेंढपाळांना गळ्यात अडकवायच्या गाळणनळ्या दिल्या, आणि सर्वांत महत्त्वाचे, पायातून नारू बाहेर पडत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू दिले नाही. हे शेवटचे काम शेजारच्या घरातला माणूसच करू शकतो. बाहेरचा आरोग्य निरीक्षक रोज तळ्यावर बसू शकत नाही. २०२३ मध्ये जगात माणसांमधले नारूचे फक्त १४ रुग्ण नोंदले गेले. भारताने हीच लढाई पायविहिरी बंद करत, पाणी गाळत जिंकली आणि २००० मध्ये नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले, म्हणून जुन्या पिढीच्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नये.

शेजारच्या माणसाचे महत्त्व इबोलाने फार कठोरपणे दाखवले. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये ११ हजारांहून अधिक माणसे मेली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीच्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. पथकाकडची माहिती चूक नव्हती. पण ती परक्या, गाड्यांतून आलेल्या माणसांच्या तोंडून आली होती आणि तिच्यामागे सरकारविषयीचा जुना अविश्वास होता. दफनविधीतून संसर्ग पसरत होता, पण विधीच थांबवा असे सांगितल्यावर लोक प्रेते लपवू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात धर्मगुरूंशी बोलून सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत ठरली, तेव्हा वातावरण निवळू लागले. साथीआधी लायबेरियात चाळीसेक लाख लोकसंख्येमागे जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. साथ ओसरल्यावर २०१६ मध्ये त्या देशाने गावच्या आरोग्य सहायकांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या उभारणीत ‘लास्ट माइल हेल्थ’ या संस्थेचा वाटा होता; तिचे एक संस्थापक राज पंजाबी लायबेरियातच, भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मले आणि लहानपणी यादवीमुळे देश सोडून गेले होते. सहायकाला दरमहा ठराविक मानधन आणि देखरेखीला प्रशिक्षित परिचारिका, या दोन अटी तिथे आरंभीच घातल्या गेल्या.

पगार की सेवाभाव, हा वाद आफ्रिकेत तितकाच धारदार आहे जितका महाराष्ट्रात आशा स्वयंसेविकांच्या आंदोलनांत. इथियोपियाने २००३ मध्ये स्पष्ट बाजू घेतली. दहावी झालेल्या तरुण मुलींना एक वर्षाचे शिक्षण देऊन, सुमारे पाच हजार वस्तीच्या प्रत्येक केबेलेत (स्थानिक प्रशासकीय विभागात) दोघींना, सरकारी नोकर म्हणून नेमले. अशा तीस हजारांहून अधिक मुली काही वर्षांत कामाला लागल्या. लसीकरण, कुटुंबनियोजन, संडास, सांडपाणी अशा सोळा विषयांचा त्यांचा अभ्यासक्रम होता. सुरुवातीला न्यूमोनियाला प्रतिजैविक देण्याची त्यांना मुभा नव्हती. ती २०१० च्या सुमारास मिळाली. १९९० मध्ये दर हजारी २०४ असलेला पाच वर्षांखालचा मृत्यूदर २०१२ मध्ये ६८ वर आल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांत दिसले. त्याचे सगळे श्रेय या मुलींना देता येणार नाही, शेती, शिक्षण आणि रस्ते यांचाही हात आहे. पण त्यांना वगळून तो आकडा समजावून सांगणेही अवघड आहे. मलावीची आरोग्य निगराणी सहायकांची फळी वेगळ्या वाटेने आली. १९६० च्या दशकात देवीच्या लसी टोचणारे आणि पुढे पटकीच्या साथीत विहिरींत औषध टाकणारे कर्मचारी सरकारने घरी पाठवले नाहीत, त्यांच्यावर एकेक काम सोपवत नेले, आणि तेही पगारी आहेत.

स्वयंसेवकांच्या बाजूने आणि विरुद्ध सर्वांत स्वच्छ पुरावा घानाच्या उत्तरेकडचा. नावरोंगो इथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात काही भागांत प्रशिक्षित परिचारिकांना गावातच राहायला पाठवले, काही भागांत गावाने निवडलेले स्वयंसेवक नेमले, काहींत दोन्ही आणि काहींत काहीच नाही. परिचारिका गावात राहायला गेल्या तिथे बालमृत्यू झपाट्याने घटले. फक्त स्वयंसेवक नेमले तिथे बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. पुरुषांना कुटुंबनियोजनाच्या चर्चेत आणायला मात्र स्वयंसेवकांचा उपयोग झाला. या निकालांवरून घानाने देशभराचे धोरण आखले. युगांडात औषधे माफक नफ्यावर विकणाऱ्या, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चाचणीत पाच वर्षांखालचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले. पगार, मानधन, विक्री, सहकारी संस्था, असे कितीतरी मार्ग आजमावले गेले. रवांडाने गावकऱ्यांनी निवडून दिलेल्या सुमारे ४५ हजार कार्यकर्त्यांच्या सहकारी संस्था बांधल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत निःसंदिग्ध लिहिले की या कामाचा मोबदला कामाच्या प्रमाणात द्यावा, आणि तो केवळ कामगिरीवर आधारलेल्या बक्षिसाच्या रूपात नसावा.

या विषयावरचे कोणतेही अनुभवकथन हातात घेताना वाचकाने म्हणून काही साध्या गोष्टी शोधाव्यात. कार्यकर्त्याची निवड गावसभेत झाली की अधिकाऱ्याच्या यादीतून? पहिल्या प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी त्याच्या गावात कोण गेले, आणि गेलेल्याने वही तपासली की आजारी मूल बघताना शेजारी बसून चूक दाखवली? औषधाची पेटी किती दिवस रिकामी राहिली? पैसे कोणाच्या खात्यातून आले? किती जण प्रशिक्षित झाले हा आकडा बहुतेक अहवालांच्या पहिल्या पानावर असतो. दोन वर्षांनी त्यांतले किती जण काम करत होते हा शोधावा लागतो.

पैशांचा प्रश्न तर २०२५ मध्ये एकदम समोर येऊन ठाकला. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलैला तिची आंतरराष्ट्रीय विकास संस्था अधिकृतपणे बंद झाली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत गावच्या पेटीतल्या हिवतापाच्या चाचण्या आणि गोळ्यांचा मोठा वाटा या पैशातून येत होता. काही देशांनी आधीच दुसरी वाट धरली होती. केनियाने २०२३ च्या सप्टेंबरात सुमारे एक लाख आरोग्य प्रवर्तकांना साधनांच्या पिशव्या दिल्या आणि दरमहा पाच हजार शिलिंगांचे मानधन केंद्र सरकार आणि काउंट्या यांच्यात निम्मे-निम्मे वाटून घेतले. डॉ. वेरे यांचे काकामेगाही त्याच काउंट्यांतले एक. या मानधनाची तरतूद दर वर्षी अर्थसंकल्पात टिकते का, चाचण्यांची पुढची खरेदी देशाच्या तिजोरीतून होते का आणि शिकलेल्या प्रवर्तकांना दोन-तीन वर्षांनी उजळणीसाठी पुन्हा बोलावले जाते का, यावर या एक लाख जणांचे काम किती काळ चालेल ते ठरणार आहे.